शून्यातून निर्मितीचे मिथक : जोसाया गॉर्गस यांची रोजनिशी आणि पुरवठा अधिकाऱ्याचे चरित्रलेखन

बीजसंज्ञा : रोजनिशी, चरित्रलेखन, अमेरिकेतील यादवी युद्ध, आयुध विभाग, गुलामगिरी, संपादन

प्रस्तावना

युद्धविषयक चरित्रवाङ्मयाचा नायक प्रायः रणांगणावरचा सेनापती असतो. लढाईचा दिवस, तीत घेतलेला निर्णय आणि तिचा परिणाम या तीन बिंदूंभोवती अशा चरित्राची मांडणी सहज होते. ज्या अधिकाऱ्याच्या कामामुळे सेनापतीच्या हाती बंदूक, दारू आणि गोळी वेळेवर पोहोचते त्याच्या वाट्याला मात्र लढाईचा दिवस येत नाही. त्याचे आयुष्य पत्रव्यवहार, मागणीपत्रके, कोठारांच्या याद्या आणि वाहतुकीच्या अडचणी यांत जाते. अशा आयुष्याचे चरित्र लिहिताना कथनाला आधार कशाचा द्यावा, हा चरित्रकारापुढील वाङ्मयीन प्रश्न आहे. या प्रश्नावर बहुतेकांनी एकच उत्तर शोधलेले दिसते. ते म्हणजे 'शून्यातून निर्मिती' हे सूत्र होय.

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–१८६५) दक्षिणेच्या संघराज्याच्या आयुध विभागाचे प्रमुख असलेले जोसाया गॉर्गस यांची रोजनिशी आणि तिच्या आधारे उभे राहिलेले चरित्रलेखन यांच्या संदर्भात या सूत्राची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे सूत्र गॉर्गस यांच्या कर्तृत्वाचा एक भाग प्रकाशात आणते. परंतु ज्यांच्या श्रमावर ते कर्तृत्व उभे होते त्यांना ते अदृश्य करते, अशी येथील मांडणी आहे.

जीवनपट

गॉर्गस यांचा जन्म १८१८ मध्ये उत्तरेकडील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. १८४१ मध्ये ते वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतून सहाव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि आयुध विभागात रुजू झाले. मेक्सिकोबरोबरच्या युद्धात १८४७ मधील व्हेराक्रूझच्या वेढ्यात त्यांनी काम केले. १८५३ मध्ये अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉन गेल यांची कन्या अमेलिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एप्रिल १८६१ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या सैन्यातील पदाचा राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात दक्षिणेच्या आयुध विभागाची सूत्रे हाती घेतली. उत्तरेत जन्मलेल्या या अधिकाऱ्याने दक्षिणेची बाजू का निवडली याची कारणे अभ्यासकांनी मुख्यत्वे सासरच्या कुटुंबाशी जडलेले नाते आणि जुन्या सेवेतील वरिष्ठांशी झालेले मतभेद यांत शोधली आहेत.

चार वर्षे त्यांनी हा विभाग सांभाळला. या काळात त्यांना ब्रिगेडियर जनरल हे पद मिळाले ते नोव्हेंबर १८६४ मध्ये, म्हणजे युद्ध संपण्यास अवघे पाच महिने उरले असताना. रणांगणावरच्या अनेक अधिकाऱ्यांना हे पद युद्धाच्या पहिल्या वर्षातच लाभले होते. पुरवठ्याच्या कामाकडे राज्यसंस्था कोणत्या दृष्टीने पाहत होती याचे हे एक बोलके उदाहरण म्हणता येईल.

एक रोजनिशी, दोन ग्रंथ

गॉर्गस यांनी १८५७ पासून १८७८ पर्यंत, मधल्या खंडांसह, रोजनिशी लिहिली. हे लेखन दोन वेगवेगळ्या रूपांत वाचकांपुढे आले. १९४७ मध्ये इतिहासकार फ्रँक व्हॅन्डिव्हर यांनी तिचा यादवी युद्धाशी संबंधित भाग संपादित करून प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५२ मध्ये त्यांनीच गॉर्गस यांचे चरित्र लिहिले. 'नांगराचे फाळ मोडून तलवारी' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक बायबलमधील सुपरिचित प्रतिमेवरून घेतलेले आहे. १९९५ मध्ये सारा वूलफोक विगिन्स यांनी १८५७ ते १८७८ या संपूर्ण कालखंडाची रोजनिशी संपादित केली.

या दोन आवृत्त्यांतील फरक केवळ पृष्ठसंख्येचा नाही. युद्धापुरती मर्यादित रोजनिशी वाचताना एक सुस्पष्ट आलेख हाती येतो : आरंभी काहीही नाही, मध्ये अफाट परिश्रम, त्यानंतर विभागाचे यश आणि अखेरीस ज्या राष्ट्रासाठी हे केले त्याचाच अंत. हा आलेख शोकात्म नाटकाच्या जवळ जाणारा आहे. कर्तव्यात यशस्वी झालेला आणि तरीही पराभूत झालेला नायक त्यातून आपोआप आकाराला येतो. संपूर्ण रोजनिशी वाचताना हा आलेख मोडतो. युद्धापूर्वीचा असमाधानी, बदल्यांनी त्रस्त झालेला अधिकारी आणि युद्धानंतरचा, आर्थिक विवंचनेत सापडलेला कुटुंबप्रमुख हे दोघेही तितक्याच ठळकपणे समोर येतात. रोजनिशी कोठे सुरू करायची आणि कोठे थांबवायची, हा संपादकाचा निर्णय त्या आयुष्याचा अर्थ ठरवतो. रोजनिशी हा वाङ्मयप्रकार संपादकीय हस्तक्षेपापासून मुक्त व म्हणून विश्वसनीय असतो, असे गृहीत धरणाऱ्या समीक्षेने ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

टंचाईची भाषा

रोजनिशीशिवाय गॉर्गस यांनी युद्धानंतर आपल्या विभागाच्या कामाविषयी एक टिपणवजा लेख लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर, १८८४ मध्ये, दक्षिणेच्या इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाङ्मयीन दृष्ट्या हा लेख महत्त्वाचा आहे, कारण त्यात पुरवठा अधिकाऱ्याची स्वतःची अशी एक शैली आढळते. त्या शैलीचे मूळ एकक म्हणजे 'टंचाई आणि पर्याय' ही जोडी होय.

बंदुकीच्या टोप्यांसाठी तांबे हवे होते. टेनेसीतील डकटाउन येथील खाणी हातच्या गेल्यावर टर्पेंटाइन आणि फळांची दारू गाळण्याच्या तांब्याच्या भट्ट्या नॉर्थ कॅरोलायनातून गोळा करण्यात आल्या. टोप्यांतील स्फोटक द्रव्यासाठी पारा लागत असे आणि तो मेक्सिकोतून येई. तो मिळेनासा झाल्यावर पोटॅशचे क्लोरेट आणि अँटिमनीचे गंधकी संयुग यांचे मिश्रण वापरले गेले. चामडे अपुरे पडले तेव्हा सुती कापडाचे थर शिवून त्यांवर जवसाचे तेल चढवून पट्टे व लगाम तयार करण्यात आले. कातडे कमवण्यासाठी लागणाऱ्या तेलाकरिता केप फिअर नदीवर मासेमारीची व्यवस्था करावी लागली. शिसे मुख्यत्वे व्हर्जिनियातील विथव्हिल येथील खाणीतून येत असे.

या तपशिलांची मांडणी कोरडी आहे. तीत उपमा-उत्प्रेक्षा नाहीत आणि शौर्याचे उद्गारही नाहीत. तथापि एका वस्तूच्या अभावातून दुसऱ्या वस्तूचा शोध आणि त्या शोधातून तिसऱ्या वस्तूची गरज अशी साखळी वाचताना युद्धाचे जे आकलन होते ते लढायांच्या वर्णनातून होत नाही. बंदुकीच्या पट्ट्यासाठी नदीतला मासा लागतो, हे ज्ञान पुरवठा अधिकाऱ्याचे आहे. गॉर्गस यांच्या लेखनाचे खरे वाङ्मयीन मूल्य या भौतिक तपशिलांच्या परस्परसंबंधात आहे, असे म्हणता येईल.

दारूच्या बाबतीत हीच साखळी भारतापर्यंत पोहोचते. दारूसाठी लागणारा सोरा अमेरिकेतील उत्पादक युद्धापूर्वी प्रामुख्याने ब्रिटिश अमलाखालील भारतातून, लंडनच्या बाजारामार्गे, घेत असत. १८६१ च्या अखेरीस उत्तरेच्या सरकारसाठी लामो द्यू पाँ यांनी इंग्लंडमध्ये सोऱ्याची मोठी खरेदी केली, तेव्हा ट्रेंट जहाजाच्या प्रकरणामुळे ब्रिटिश सरकारने त्याची निर्यात काही काळ रोखून धरली होती. उत्तरेच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेला हा मार्ग सुरक्षित नव्हता. म्हणून टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया येथील चुनखडीच्या गुहांतील माती धुऊन सोरा काढण्याचे काम आयझॅक सेंट जॉन यांच्याकडे सोपवण्यात आले आणि १८६३ मध्ये त्यासाठी सोरा व खाण यांचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. दुसरीकडे, परदेशी शस्त्रखरेदीसाठी दक्षिणेकडे मुख्य चलन होते ते कापसाचे. गॉर्गस यांच्या विभागाने स्वतःची जहाजे बाळगून बर्म्युडा आणि विल्मिंग्टन यांच्यामध्ये नाकेबंदी चुकवत कापूस बाहेर नेला आणि रायफली आत आणल्या. याच नाकेबंदीमुळे लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मुंबईत कापसाची तेजी आली, वऱ्हाड-खानदेशातील कापसाला न भूतो असा भाव मिळाला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतील शेअरबाजार कोसळला. महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात 'शेअर मॅनिया' म्हणून परिचित असलेल्या या घटनेचे एक टोक विल्मिंग्टनच्या धक्क्यावर होते.

यशाची नोंद

८ एप्रिल १८६४ रोजी, विभागाची सूत्रे घेतल्याला तीन वर्षे पूर्ण झाल्याच्या दिवशी, गॉर्गस यांनी रोजनिशीत आपल्या कामाचा आढावा घेतला. ही नोंद त्यांच्या संपूर्ण लेखनातील सर्वाधिक उद्धृत झालेली नोंद होय. ठिकठिकाणची शस्त्रागारे, ऑगस्टा येथील दारूचा कारखाना, मेकन येथील प्रयोगशाळा, ओतशाळा, चामड्याची कार्यशाळा अशी यादी तीत येते. युद्धखात्यातील सर्वांत दुबळा विभाग आता सर्वांत सक्षम झाला असून तीन वर्षांचे कष्ट वाया गेले नाहीत, असे समाधान गॉर्गस तीत व्यक्त करतात.

हे समाधान निराधार नव्हते. ऑगस्टा येथील कारखान्याने १८६२ पासून युद्ध संपेपर्यंत सुमारे २७ लाख ५० हजार पौंड दारू तयार केली. लुशियस नॉर्थरॉप यांचा अन्नधान्य विभाग सैन्याला पोटभर शिधा देऊ शकत नव्हता आणि २ एप्रिल १८६३ रोजी राजधानी रिचमंडमध्ये स्त्रियांनी भाकरीसाठी दंगल केली. त्याच सरकारच्या आयुध विभागाने मात्र दारूगोळ्याचा पुरवठा चालू ठेवला. उपाशी सैनिकाच्या काडतुसाच्या पेटीत काडतुसे होती, हा विरोधाभास गॉर्गस यांच्या यशाचे नेमके मोजमाप देतो.

परंतु या नोंदीचे व्याकरण लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. तीत स्थळे आहेत, कारखाने आहेत, वस्तू आहेत. काम करणारे हात नाहीत. कर्ता एकतर 'आम्ही' म्हणजे विभाग आहे किंवा 'मी' म्हणजे प्रमुख आहे. पुढील चरित्रकारांनी हेच व्याकरण उचलले आणि त्यातून 'शून्यातून निर्मिती' हे सूत्र पक्के झाले.

'शून्य' म्हणजे काय?

या शून्याची फोड केली असता त्यात बरेच काही सापडते. रिचमंड येथील ट्रेडेगर हा लोखंडाचा कारखाना १८३७ पासून चालू होता. त्याचे मालक जोसेफ अँडरसन यांनी युद्धापूर्वीच्या काळापासूनच तेथे गुलाम कामगारांना कुशल कामावर नेमले होते. हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारातील रायफली बनवण्याची यंत्रसामग्री एप्रिल १८६१ मध्ये ताब्यात घेऊन ती रिचमंड व फेएटव्हिल येथे हलवण्यात आली. ती यंत्रे ज्या अमेरिकेच्या सरकारची होती त्याच सरकारने गॉर्गस यांना शिक्षण आणि अनुभव दिला होता. ऑगस्टा येथील कारखाना उभारणारे जॉर्ज रेन्स यांनी इंग्लंडमधील वॉल्थम ॲबी येथील दारूच्या कारखान्याची माहिती देणाऱ्या पुस्तिकेचा आधार घेतला होता आणि कारखान्याची जागा युद्धापूर्वी खोदलेल्या कालव्याच्या काठी निवडली होती.

सर्वांत महत्त्वाची बाब श्रमाची आहे. १८६० च्या जनगणनेनुसार पुढे फुटून निघालेल्या अकरा राज्यांत सुमारे ३५ लाख माणसे गुलामगिरीत होती. गुहांतून सोरा काढणे, खाणीतून लोहखनिज उपसणे, भट्टीसाठी कोळसा पाडणे, तटबंदी व रस्ते बांधणे ही कामे मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडून सक्तीने करून घेतली गेली. मालकांकडून भाड्याने घेतलेले किंवा सरकारी हुकमाने वेठीस धरलेले हे कामगार पुरवठा यंत्रणेच्या हिशेबात 'हात' म्हणून मोजले जात. ज्या व्यवस्थेने त्यांना गुलामगिरीत ठेवले होते तिच्याच रक्षणासाठी ही दारू तयार होत होती. म्हणजे 'शून्य' हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करत नाही; कोणाची गणना करायची नाही, हे तो ठरवतो.

ब्राउन बेटावरील स्फोट

असे असले तरी रोजनिशी हा प्रकार अधिकृत अहवालापेक्षा वेगळा आहे आणि तो कधीकधी लेखकाच्या इच्छेपलीकडे बोलतो. १३ मार्च १८६३ रोजी रिचमंडजवळील ब्राउन बेटावरच्या आयुध विभागाच्या प्रयोगशाळेत घर्षणाने पेटणाऱ्या वातींच्या कामात स्फोट झाला. तेथे काडतुसे भरण्याचे काम गरीब कुटुंबांतील स्त्रिया आणि दहा-बारा वर्षांच्या मुलीही करत असत. गॉर्गस यांनी काही दिवसांनी केलेल्या नोंदीत मृत आणि जखमी मिळून ६९ जणांचा उल्लेख आहे. त्यांपैकी ६२ स्त्रिया, बहुतांशी मुली होत्या. आपली पत्नी जखमींच्या मदतीसाठी अथकपणे धावपळ करत असल्याचेही ते नमूद करतात. इतके दुःख ज्या कारणांमुळे ओढवले ती कारणे कदाचित माणसाच्या नियंत्रणातील होती, हा विचार त्यांना अस्वस्थ करतो.

संपूर्ण रोजनिशीत हा क्षण निर्णायक मानला पाहिजे. काडतुसामागे हात असतात आणि त्या हातांची जबाबदारी कोणाची तरी असते, हे येथे अधिकाऱ्याच्या लेखणीतूनच उमटते. मात्र ही जाणीव पुढे विस्तारत नाही. १८६४ च्या आढाव्यात कारखान्यांची गणना आहे. या मुलींची नाही. श्वेतवर्णीय गरीब मुलींच्या मृत्यूने क्षणभर उघडलेली ही खिडकी गुहांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय गुलामांच्या दिशेने उघडतच नाही. गॉर्गस हे क्रूर गृहस्थ होते असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे, परंतु उथळ ठरेल. पत्नी-मुलांविषयीच्या नोंदींतून ते मायाळू कुटुंबवत्सल पुरुष असल्याचे दिसते. प्रश्न व्यक्तीच्या स्वभावाचा नसून कार्यक्षमतेच्या भाषेचा आहे. जी भाषा केवळ उत्पादन मोजते तिच्यात श्रमिकाला प्रवेश मिळतो तो अपघात झाल्यावर.

युद्धोत्तर नोंदी आणि सूत्राची मर्यादा

एप्रिल १८६५ च्या आरंभी रिचमंड पडले आणि शहराला लागलेल्या आगीत तेथील शस्त्रागाराचे स्फोट होऊन ते भस्मसात झाले. त्यानंतर गॉर्गस यांनी अलाबामातील ब्रायरफील्ड येथील लोखंडाचा कारखाना पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. हा कारखाना युद्धकाळात दक्षिणेच्या सरकारच्या ताब्यात होता आणि मार्च १८६५ मध्ये उत्तरेच्या घोडदळाने त्याची नासधूस केली होती. भांडवलाची चणचण आणि मजुरीचा खर्च यांमुळे हा उद्योग तोट्यात गेला आणि काही वर्षांतच त्यांना तो सोडावा लागला. पुढे ते सिवनी येथील विद्यापीठात शिक्षण-प्रशासनाकडे वळले आणि १८७८ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. पक्षाघातामुळे त्यांना लवकरच ते पद सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी ग्रंथपालाचे काम पाहिले. १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथपालाची जबाबदारी पुढे अनेक वर्षे अमेलिया यांनी सांभाळली आणि त्या विद्यापीठाचे ग्रंथालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे पुत्र विल्यम क्रॉफर्ड गॉर्गस यांनी हवाना आणि पनामा येथे पीतज्वराचे निर्मूलन करून कीर्ती मिळवली.

'शून्यातून निर्मिती' या सूत्रासाठी ब्रायरफील्डचे अपयश अडचणीचे आहे. शून्यातून सारे उभे करणारा पुरुष एक कारखाना का चालवू शकला नाही? चरित्रकार यासाठी परिस्थितीला बोल लावतात आणि ते अंशतः योग्यही आहे. तथापि परिस्थितीतील दोन बदल सूत्राच्या मुळाशी जाणारे आहेत. युद्धकाळात गॉर्गस यांच्यामागे राज्यसत्तेची जप्तीची ताकद आणि सक्तीचा श्रम या दोन गोष्टी होत्या. १८६५ नंतर दोन्ही नाहीशा झाल्या. जे 'शून्य' मानले गेले होते तेच खरे भांडवल होते, हे त्याच्या अनुपस्थितीने सिद्ध केले. म्हणूनच विगिन्स यांनी प्रसिद्ध केलेली संपूर्ण रोजनिशी हा चरित्राचा केवळ पूरक भाग नसून त्याच्या पुनर्मूल्यांकनाचा आधार ठरते.

मराठी वाचकाला हे सूत्र अपरिचित नाही. 'शून्यातून विश्व निर्माण केले' हा वाक्प्रयोग संस्थापक, उद्योजक आणि प्रशासक यांच्या गौरवग्रंथांतून इतका रूढ झाला आहे की त्यातील 'शून्या'विषयी प्रश्न विचारणे औचित्यभंगासारखे वाटते. जमीन देणारे, वर्गणी देणारे, अल्प वेतनावर वर्षानुवर्षे राबणारे, दगड-माती वाहणारे यांची नावे अशा ग्रंथांत क्वचितच येतात. गॉर्गस यांचे प्रकरण टोकाचे आहे, कारण तेथे मुद्दा गुलामगिरीचा आहे आणि त्याची तुलना सरधोपटपणे अन्यत्र करता येणार नाही. मात्र कथनाची रीत तीच आहे आणि ती ओळखण्यासाठी टोकाचे उदाहरण उपयोगी पडते.

निष्कर्ष

१. गॉर्गस यांचे लेखन युद्धाचे भौतिक अधिष्ठान दाखवणारे म्हणून मोलाचे आहे. टंचाई आणि पर्याय यांची साखळी हे त्याचे स्वतंत्र वाङ्मयीन वैशिष्ट्य होय.

२. रोजनिशीच्या १९४७ आणि १९९५ मधील आवृत्त्यांची तुलना केली असता संपादनाची कालमर्यादा चरित्रनायकाची प्रतिमा घडवते, हे दिसून येते.

३. 'शून्यातून निर्मिती' हे सूत्र पूर्वीची साधनसामग्री, स्त्रियांचे व मुलींचे श्रम आणि गुलाम कामगारांचा सक्तीचा श्रम यांना कथनाबाहेर ठेवते.

४. ब्राउन बेटावरील स्फोटाची नोंद ही रोजनिशीतील अंतर्विरोधाची जागा आहे. लेखकाच्या भाषेने जे झाकले ते त्याच लेखकाच्या अस्वस्थतेने तेथे उघड केले आहे.

५. पुरवठा अधिकाऱ्याचे चरित्र लिहिताना त्याच्या कार्यक्षमतेचे मूल्यमापन ती कार्यक्षमता कोणत्या हेतूसाठी आणि कोणाच्या श्रमावर उभी होती या दोन प्रश्नांपासून अलग करता येत नाही. गॉर्गस यांनी सैन्याला दारूगोळा कमी पडू दिला नाही आणि त्यामुळे युद्ध लांबले. युद्ध जितके लांबले तितका काळ लक्षावधी माणसांची मुक्तता दूर राहिली. त्यांच्या कर्तृत्वाच्या प्रत्येक हिशेबात ही दोन्ही विधाने एकत्र मांडावी लागतील.